डोंगरवाट आणि पावतीपुस्तक

पुष्य महिन्याची चंद्रकोर दिसली की केसलापूरला मेस्राम मंडळी जमू लागतात. आदिलाबाद जिल्ह्याच्या इंद्रवेल्ली मंडलातलं हे गाव, आणि गोंडांच्या मेस्राम कुळाचा नागोबा इथला. पुष्य अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा होते आणि तिला गोदावरीचं पाणी लागतं. गोदावरी काही हाकेच्या अंतरावर नाही. कुळातली माणसं जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगु या डोहापर्यंत अनवाणी चालत जातात, झारीत पाणी भरून घेतात आणि चालतच परततात. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वरचा पल्ला. वाटेत साग, टेकड्या, ओढे आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले मुक्काम. त्याच्याही आधी छकडा जुंपून जाणती माणसं गावोगाव जत्रेचा निरोप देत फिरतात, सिरिकोंड्याच्या कुंभाराला मडक्यांची वर्दी देतात.

याच कुळानं नागोबाच्या जुन्या देवळाच्या जागी नवं दगडी देऊळ उभारलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची प्राणप्रतिष्ठा झाली. खर्च पाच कोटींच्या आसपास आला आणि तो मेस्रामांनी आपसात वर्गणी काढून भागवला: शेतकऱ्याच्या घराकडून ठरावीक रक्कम, नोकरदाराकडून त्याहून जास्त, आणि तीही वर्षानुवर्षं. सरकारचं दार ठोठावून हे काम कधीतरी झालंही असतं. कुळानं वाट पाहिली नाही.

डोंगर चालणं आणि चांगल्या कामासाठी पैसा उभा करणं ही शहरी लोकांनी परदेशातून आणलेली टूम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे आधी सांगितलं. फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा. केसलापुरात चालणं आणि वर्गणी ही दोन वेगळी खाती आहेत. कुणी चाललं म्हणून वर्गणी मिळत नाही, आणि वर्गणी दिली म्हणून कुणाचं चालणं सुटत नाही. ही पुस्तिका ज्या प्रकाराबद्दल आहे त्यात दोन्ही खाती एकत्र येतात: मी अमुक डोंगर, अमुक अंतर चालेन, तुम्ही त्यापोटी अमुक कामाला पैसे द्या. ही गाठ मारली की नवे प्रश्न उभे राहतात. पुढच्या पानांतली वेळापत्रकं आणि हिशेबाचे नमुने वाचण्याआधी त्या प्रश्नांची ओळख झालेली बरी.

या गाठीचं आज सर्वांत माहीत असलेलं रूप हाँगकाँगमधलं. तिथल्या ब्रिटिश सैन्यातल्या गुरखा जवानांनी १९८१ साली मॅक्लिहोज ट्रेल या शंभर किलोमीटरच्या डोंगरवाटेवर लष्करी सराव म्हणून चाल सुरू केली आणि तिच्यातून मदतनिधी गोळा होऊ लागला. १९८६ पासून सामान्य नागरिकांनाही तीत प्रवेश मिळाला, ऑक्सफॅम ही संस्था सोबत आली, आणि ‘ट्रेलवॉकर’ या नावानं हा प्रकार देशोदेशी गेला. चौघांचा संघ, शंभर किलोमीटर, अठ्ठेचाळीस तास. भारतात तो २०१२ साली आला, आधी बंगळुरूजवळ आणि मग मुंबईच्या बाजूला. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अंतराची नाही, चौघांची आहे. एकट्यानं पुढे पळून जाण्याला इथे काही किंमत नाही. संघाचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत थकलेल्याचा वेग. वारीच्या दिंडीत ज्यानं एक दिवस तरी काढला असेल त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण डोंगराचं नाही, तरी ते टाळून चालणार नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, टॉम मूर नावाच्या नव्व्याण्णव वर्षांच्या निवृत्त ब्रिटिश कॅप्टननं आपल्या अंगणात आधाराच्या चौकटीवर हात टेकत पंचवीस मीटरच्या शंभर फेऱ्या मारायच्या ठरवल्या. उद्दिष्ट होतं तिथल्या आरोग्यसेवेच्या मदतनिधीसाठी एक हजार पौंड. जमले तीन कोटी वीस लाख पौंडांहून जास्त. शंभर फेऱ्यांचं अंतर सगळं मिळून अडीच किलोमीटर! म्हणजे लोकांनी पैसे अंतराला दिले नाहीत, चढालाही नाहीत. एका म्हाताऱ्या माणसानं शब्द दिला आणि तो पाळताना तो रोज दिसत राहिला, त्याला दिले. पुढे त्यांच्या नावानं निघालेल्या वेगळ्या संस्थेच्या कारभाराबद्दल ब्रिटनच्या धर्मादाय आयोगानं २०२४ च्या अहवालात कुटुंबीयांना दोषी धरलं. आरोग्यसेवेला गेलेला मूळ निधी त्या चौकशीचा विषय नव्हता; पण गोष्ट सांगताना लोक आता दोन्ही एका दमात सांगतात. शब्दावर मिळालेला पैसा असा असतो. हिशेब चुकला की तो शब्दही मागे जाऊन खोटा ठरतो.

मला या पुस्तिकेच्या वाचकाला खरं म्हणजे एवढंच पटवायचं आहे की सराव आणि हिशेब ही एकाच कामाची दोन अंगं आहेत. दोन्हींत दिलेला शब्द हप्त्याहप्त्यानं पाळायचा असतो, आणि दोन्हींत शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही.

एक आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. उटनूरच्या किंवा नार्नूरच्या बाजूला सकाळी रस्त्यावर उभं राहिलं तर डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन टेकडी उतरणाऱ्या बायका दिसतात. कोलामांच्या पाड्यावरून आठवडी बाजाराला माणसं चालतच येतात. पावसाळ्यात ओढा भरला की आजाऱ्याला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्यांच्या चालण्याला कुणी प्रायोजक नाही. त्याच टेकडीवर आपण रंगीत टोप्या घालून, पाठीवर पाण्याच्या नळ्या लावून, ‘आदिवासी आरोग्यासाठी’ असा फलक धरून चालू लागलो तर ते कसं दिसेल? हा प्रश्न प्रत्येक संघानं स्वतःला विचारावा, आणि उत्तर सोयीचं काढू नये. त्यापेक्षा पैसेच देऊन टाका ना, असंही कुणी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं चूक नाही.

माझं उत्तर अर्धंच आहे. चालल्यानं एक गोष्ट होते जी धनादेशानं होत नाही: देणाऱ्याला आणि मागणाऱ्याला त्या गावांचं अंतर कळतं. नकाशावर बारा किलोमीटर म्हणजे उन्हात किती, भरल्या ओढ्यातून किती, पोटुशा बाईला किती, हे पायांना कळल्याशिवाय निधी कशासाठी हवा हे नीट सांगताच येत नाही. पण मग चालही त्याच वाटांवरून गेली पाहिजे; गावकऱ्यांना आधी विचारून, त्यांनी सांगितलेल्या वेळी. धबधबे बघत काढलेली सहल आणि तिला चिकटवलेलं पुण्य यासाठी कुंतालापर्यंत कशाला जायचं.

आता सराव. आदिलाबादचे डोंगर उंचीनं घाबरवणारे नाहीत. कळसूबाईच्या १६४६ मीटरपुढे इथल्या सातमाळेच्या टेकड्या ठेंगण्या वाटतील, आणि सह्याद्रीत वाढलेले ट्रेकर इथे येऊन फसतात ते म्हणूनच. इथे माणसाला चढ थकवत नाही. ऊन, माती आणि सपाटी थकवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, दात वाजतात, म्हणून माणूस पाणी पीत नाही. दहा वाजता ऊन चटकू लागतं तोवर शरीर कोरडं झालेलं असतं. काळ्या रेगडीत पावसानंतर चालायचं म्हणजे प्रत्येक पावलाला बूट जड होत जातो. कापूस वेचून झालेल्या शेतातून जाताना उभ्या पऱ्हाटीचे खुंट पोटऱ्या ओरबाडतात. आणि पठारावरचे लांबच लांब सरळ रस्ते, ज्यांवर सारखे तेच स्नायू तासन्‌तास वापरले जातात, ते तर घाटापेक्षा वाईट.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. पंचवीस किलोमीटर आणि एकूण सहाशे मीटर चढ असेल तर सहा तास. हा हिशेब थंड हवेतल्या तगड्या माणसाचा. आपल्या संघात साठीतले गुरुजी असतील, फेब्रुवारीचं ऊन असेल, तर आठ धरा आणि न्याहारीचा अर्धा तास वेगळा.

शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला चार महिने लागतात. आठवड्यात तीन दिवस तासाभराची चाल, रविवारी लांब चाल. लांब चाल आठ किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू वाढवायची, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायची. ही कपात उत्साही माणसाला सहन होत नाही, पण स्नायू आणि सांध्यांची भरणी विश्रांतीतच होते. तिसऱ्या महिन्यापासून शनिवार-रविवार लागोपाठ चालावं, म्हणजे आखडलेल्या पायांनी निघायची सवय होते. दोन दिवसांच्या आव्हानात दुसरी पहाट हीच खरी परीक्षा असते. आदिलाबाद शहर सपाट, तेव्हा चढ-उतारासाठी निर्मलचा महबूब घाट गाठावा किंवा एखाद्या तीनमजली इमारतीचे जिने पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन चढावे-उतरावे. पुण्याच्या गिर्यारोहकांना सिंहगड आहे, तुम्हाला जिना. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करायचा, कारण उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि दुसऱ्या दिवशीची ठणक तिथूनच येते.

पायांची काळजी हा विषय लोक हसण्यावारी नेतात. मोहिमेच्या दिवशी माघार घेणाऱ्यांत दम संपलेले कमी आणि तळव्याला फोड आलेले जास्त असतात. बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापानं मोठे घ्या, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नखं दोन दिवस आधी कापा. मोजा ओला झाला की बदला. कुठे चुणचुणलं तर तिथल्या तिथे बसून चिकटपट्टी लावा, पुढच्या मुक्कामाची वाट बघू नका. मेस्राम अनवाणी चालतात म्हणून आपणही चालून बघावं, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या, पण चालू देऊ नका. त्यांच्या पायांमागे जन्मभराची सवय आहे आणि त्यांच्या चालण्यामागे देव.

खाण्यापिण्यासाठी महागड्या पाकिटांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी, ताकातली आंबील. उटनूरकडच्या आदिवासी बायका मोहाच्या फुलांचे लाडू करून विकतात. ते चालताना खायला उत्तम, आणि घेतले तर पैसाही तिथेच राहतो. पाण्यासोबत मीठ हवंच: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण पाठ करावं. अंदाजानं मीठ जास्त पडलं तर अपाय होतो.

सरावानं काय घडू शकतं याचं या भागातलं ठळक उदाहरण जवळच्या निजामाबाद जिल्ह्यातलं. पाकाला गावची मालावत पूर्णा ही शेतमजूर घरातली मुलगी समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकत होती. भोनगीरच्या कातळावर तिला पहिले धडे मिळाले, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी. आणि २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा पुरी होण्याआधी, ती तिबेटच्या बाजूनं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. तिच्या कथेत चमत्कार शोधणाऱ्यांनी मधले महिने मोजावेत. तिच्या मोहिमेचा खर्च सरकारी संस्थेनं केला. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ ची एव्हरेस्ट मोहीम मात्र लोकांच्या देणग्यांवर उभी राहिली, आणि तिचे नेते उमेश झिरपे व त्यांच्या सोबत्यांना डोंगराइतकेच जिने दात्यांच्या दारातही चढावे लागले.

तर पैसा. पहिली गोष्ट, कशासाठी ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘आदिवासी विकासासाठी’ हे वाक्य नव्हे. अमुक पाड्यावरच्या शाळेतल्या मुलांना बूट, सिकलसेलच्या रुग्णांना तपासणीसाठी आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात नेण्या-आणण्याचं भाडं, अमुक ओढ्यावर पावसाळ्यापुरता लोखंडी साकव: अशी नावं असलेली, किंमत काढता येणारी गोष्ट. मेस्रामांच्या वर्गणीला यश आलं त्याचं एक कारण हे की प्रत्येकाला देऊळ डोळ्यांपुढे दिसत होतं. दुसरं कारण, ऐपतीप्रमाणे आकडा. सगळ्यांना एकच रक्कम लावली की गरीब लाजतो आणि श्रीमंत स्वस्तात सुटतो.

मागायची वेळही इथल्या पिकानं ठरते. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. जूनमध्ये बियाणं-खतासाठी घरातला पैसा बाहेर गेलेला असतो. त्या दिवसांत दारात उभं राहणं म्हणजे समोरच्याला संकोचात टाकणं. दिवाळीनंतर बाजार समितीत गाड्या लागू लागतात, संक्रांतीपर्यंत बहुतेकांच्या हाती पट्टी आलेली असते. तेव्हा मागावं. चार महिन्यांच्या सरावाचा काळही हाच येतो, म्हणजे वर्गणी मागायला गेलेला माणूस रोज पहाटे चालताना गावाला दिसलेला असतो. छापील आवाहनापेक्षा हे दिसणं जास्त काम करतं. आवाहन मात्र मराठी आणि तेलुगू दोन्हींत काढा. बेला, जैनद, तामसीकडची घरं मराठी बोलतात म्हणून सगळा जिल्हा मराठी वाचत नाही. गोंडी बोलणाऱ्यांशी गोंडीत बोलणारं कुणी संघात असेल तर मागण्याआधी ऐकायला जा.

कायद्याच्या बाबी रुक्ष आहेत, पण नंतर गळ्याशी येतात. पैसा चालणाऱ्याच्या खासगी खात्यात घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते, दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदारालाही मिळत नाही. तेव्हा ‘कर वाचेल’ असं सरसकट सांगत फिरू नये. अमेरिकेतल्या मावसभावाकडून पैसे घेताना आणखी जपावं लागतं. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तिच्या त्यासाठीच्या ठरलेल्या खात्यात, ती घेता येते.

खर्चाबद्दल माझं मत कडक आहे. टी-शर्ट, पदकं, कमान, ध्वनिक्षेपक यांतलं काहीही देणगीच्या पैशातून होऊ नये. चालणाऱ्यांनी आपला खर्च आपल्या खिशातून करावा, आणि परवडत नसेल त्याचा खर्च संघातल्या इतरांनी उचलावा. जमा किती, खर्च किती, काम कुठवर आलं, हा कागद ज्या गावासाठी निधी काढला तिथल्या पंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. शहरातल्या दात्यांना पाठवायचा तो नंतर.

जंगलाचीही परवानगी लागते. कव्वालचं जंगल २०१२ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालं, आणि पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या शेतशिवारात येऊन जातात. वनखात्याला विचारल्याशिवाय वाट आखू नका, उजाडण्याआधी आणि अंधारल्यावर रानात असू नका, चौघं एकत्र राहा. साप चावला तर बांधाबांध आणि कापाकाप न करता माणसाला हलू न देता दवाखान्यात न्या. १०८ ची गाडी कुठपर्यंत येऊ शकते हे आधीच पाहून ठेवा. आणि पुष्यात केसलापूरच्या वाटेवर आपली मोहीम ठेवू नका. तेव्हा ती वाट मेस्रामांची असते, प्रेक्षकांची नाही.

राहिला एक प्रश्न, जो प्रत्येक मोहिमेत येतो आणि जवळजवळ कुणीच आधी सोडवत नाही. चालणारा अर्ध्यावर थांबला तर वर्गणीचं काय? कुणी म्हणतं परत करा, कुणी म्हणतं काम तर होणारच आहे. माझ्या मते ज्यानं किलोमीटरमागे दर लावला त्याच्याकडून चाललेल्या अंतराचेच घ्यावेत, ज्यानं ठोक रक्कम दिली ती कामालाच जावी, आणि थांबणाऱ्याला घरी आणायला एक गाडी वाटेवर तयार ठेवावी. पहिले दोन नियम पावतीच्या मागच्या बाजूला, पहिली वर्गणी घेण्याआधी, दोन्ही भाषांत छापून घ्या.